खोऱ्यातला पत्ता

ब्रिस्टल, कनेटिकट
११ ऑगस्ट १९९६

प्रिय ओडील,

फोन केला असता, पण फोनवर तू नुसती श्वास घेतेस आणि मी एकटीच बडबडते, म्हणून पत्र.

मोठी बातमी! मी डॉक्टर होणार. म्हणजे आधी चार वर्षं कॉलेज आणि मग मेडिकल, पण पहिलं कॉलेजच असं हवं की पुढे मेडिकलवाल्यांनी नाव वाचूनच दार उघडावं. त्यामुळे सध्या घरात एकच विषय, माझी यादी. बारा कॉलेजं. चार आवाक्याबाहेरची, तिथे नंबर लागला तर आई रस्त्यात नाचेल. चार बरोबरीची. आणि चार खात्रीची, झोपेत अर्ज भरला तरी घेतील अशी. आमच्या शाळेत मिसेस हॉलंड म्हणून बाई आहेत, मुलांच्या याद्या बघणं हेच त्यांचं काम. त्यांनी माझी बघितली आणि म्हणाल्या, "क्लॉडीन, तुझी यादी वरच्या बाजूला कलंडलीय. कनेटिकटच्या हुशार मुली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, पोत्यानं येतात. तुझ्यात असं काय आहे जे दुसरीत नाही?" मी गप्प. मी!

मग घरी येताना सुचलं. तुमच्या त्या बटाट्याच्या खोऱ्यातून असल्या कॉलेजांना कोण अर्ज करतं? कुणीच नाही. तिथली मुलगी म्हणजे त्यांना नवल वाटणार. आई तिथलीच ना? मग घरचा पत्ता म्हणून मी तुमचा टाकते. शिकायला इकडे राहते, असं लिहिते. कॉलेजांची पत्रं तुमच्या पेटीत येतील, ती मला पाठवत जाशील?

अजून एक. पेपेरच्या आजारपणात मला एकदाही यायला जमलं नाही. मनाला लागून राहिलंय गं. एकच तर आजोबा होते आपल्याला. त्यांच्याबद्दल काहीतरी लिहावंसं वाटतंय. तू दोन वर्षं त्यांच्या खाटेशी होतीस, तेव्हा सगळं सांग. काय करायचीस, कसा वास यायचा, सगळं. तुला नाहीतरी आता वेळच वेळ.

तुझी
क्लॉडीन


ग्रँड आइल, मेन
१९ ऑगस्ट १९९६

प्रिय क्लॉडीन,

पत्र मिळालं. पत्ता टाक. पापा म्हणाले, टाकू दे, पत्ता काय वापरून झिजतोय का.

वेळच वेळ नाही. मी बटाट्याच्या वखारीत लागले. पट्ट्यावरून बटाटे येतात, त्यातले खराब काढायचे. बायका दिवसभर बोलतात, मला बोलावं लागत नाही. बरं आहे.

तू पेपेरबद्दल विचारलंस याचं मला खूप बरं वाटलं. इथे आता कुणी विचारत नाही. मला नीट लिहिता येत नाही, नववीतच सोडलं, तेव्हा सांभाळून घे.

त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. ममाँ फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यात रात्रपाळीला, पापा शेतात, म्हणून मी राहिले. शाळा सुटली याचं खरं सांगू तर वाईट नाही वाटलं. वर्गात मोठ्यानं वाचायला उभं करायचे, तेव्हा माझा घसाच बंद व्हायचा. पेपेरचाही बंद. आमचं जमलं.

अंगाखाली एक आडवी चादर घालून ठेवायची. ती ओढली की माणूस आपोआप कुशीवर वळतो. सारखं वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी होऊ दिल्या नाहीत. दाढी मीच करायचे. गाल आत जायचा, मग चमच्याची दांडी आतून लावून गाल फुगवायचा आणि वरून वस्तरा. पहिल्यांदा कापलं तेव्हा ते हसले. वास मलमाचा आणि ओल्या लोकरीचा.

जेवताना त्यांना लाज वाटायची. तोंडातून गळायचं ना. डावा हात चालायचा. मी प्लॉयची धिरडी रश्शात मऊ करून ताट समोर ठेवायचे आणि त्यांच्याकडे पाठ करून खिडकीकडे बघत बसायचे. तरच जेवायचे. कुणी बघतंय वाटलं की चमचा खाली. हे कुणाला सांगू नकोस, त्यांना आवडलं नसतं. तुला म्हणून सांगितलं.

ओडील


ब्रिस्टल
२ सप्टेंबर १९९६

ओडील, राणी,

अगं तू तर लेखिकाच निघालीस! चुका सोडल्या तर. ती गालातली दांडी वाचून मी रडले. अजून पाठव. रात्री ते ओरडायचे का? तू रडायचीस का? गेले तेव्हा हात कुणाच्या हातात होता?

यादीचं सांगते. बारांपैकी एकाच कॉलेजला आधी, म्हणजे नोव्हेंबरातच, बांधून घेणारा अर्ज करता येतो. "घेतलंत तर मी तुमचीच, दुसरीकडे बघणार नाही" असं लिहून द्यायचं. त्यांना अशा मुली आवडतात. पण ती शपथ एकदाच. चुकीच्या ठिकाणी खाल्ली की गेली. माझं दोघांत अडलंय, बॉस्टनमधलं एक मोठं आणि व्हिटकम. व्हिटकम लहान आहे, पण तिथून मेडिकलला ढीगभर मुलं लागतात. मिसेस हॉलंड म्हणतात, खालची चार खात्रीची पक्की ठेव आणि मग वर कुठेही उडी मार. मी काहीही झालं तरी डॉक्टर व्हायचंय म्हणणारी, मला तो खालचा भाग बघितला तरी लाज वाटते.

आई काढणीला आठवडाभर तिकडे येतेय. तिच्याबरोबर तुला एक स्वेटर पाठवते, माझा आहे पण फारसा वापरलेला नाही.

क्लॉडीन


ग्रँड आइल
२९ सप्टेंबर १९९६

रेआल,

तू अलास्कात तुझ्या तटरक्षक बोटीवर लोकांना बुडताना वाचवतोयस, आणि इथे तुझ्या बहिणीला कुणाला तरी बुडवायचंय. हसू नकोस. पूर्ण वाच.

काढणी सुरू आहे, शाळा बंद, सगळी पोरं शेतात. घर माणसांनी भरलंय. आपली माताँत, लुर्द आत्या आलीय, क्लॉडीनची आई. काल सगळे जेवायला बसले होते, कोंबडीचा रस्सा होता, मी तव्यावर प्लॉय टाकत होते. माताँत म्हणाली, "थांबा, आमच्या क्लॉडीनचा कॉलेजचा निबंध वाचते. रुमाल काढून ठेवा." मग इंग्रजीत वाचायला लागली, आणि मध्ये मध्ये पापांसाठी आपल्या घरच्या फ्रेंचमध्ये सांगायची.

रेआल, तो निबंध म्हणजे मी होते. सगळा. आडवी चादर, चमच्याची दांडी, मलम, ओली लोकर. फक्त "ओडील" च्या जागी "मी". दर उन्हाळा आणि दर सुट्टी तिनं म्हणे पेपेरच्या खाटेशी काढली.

शेजारच्या लोरेतबाई म्हणाल्या, "पण ही तर आली नव्हती ना गं?"

"ते असंच लिहायचं असतं, लोरेत," माताँत म्हणाली. "कॉलेजला लागतं. सगळेच थोडं इकडचं तिकडे करतात."

"हो का," लोरेतबाई म्हणाल्या आणि रस्सा वाढून घेतला.

मग पुढे आलं, "माझी एक मामेबहीण होती, तिला शाळा झेपली नव्हती, तिला बोलताही धड येत नसे. ती कोपऱ्यात रडत बसायची. मी तिलाही धीर देत असे." माताँतनं कागदावरून मान वर केली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बघ, तू पण आहेस हो यात!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. पापा म्हणाले, "छान लिहिलंय." पापा! त्यांनी डोळे पुसले, रेआल. त्यांना वाटलं पेपेरबद्दल आहे, एवढंच.

हे सगळं मी गिळलं असतं. तुला माहीत आहे मी काय काय गिळते. पण शेवटी तिनं लिहिलंय, "मी भरवत असताना पेपेर माझ्या डोळ्यांत खोल बघायचे." पेपेर! ज्यांना कुणी जेवताना बघितलेलं मरणासारखं वाटायचं. मी तिला ते सांगितलं होतं आणि सांगू नकोस म्हटलं होतं. तिनं ते उलटं करून विकायला काढलं, कारण पाठ फिरवून बसलेल्या मुलीपेक्षा डोळे बरे दिसतात.

प्लॉय जळला. माताँत म्हणाली, "अगं, लक्ष कुठे तुझं?"

आता ऐक. डॉक्टर लेओ आठवतात ना? दर मंगळवारी पेपेरला बघायला यायचे. ते त्याच व्हिटकम कॉलेजात शिकलेले, जे हिच्या यादीत आहे. त्यांनीच सांगितलं होतं मला, कॉफी पिता पिता. या खोऱ्यातून तिथे गेलेले ते एकटेच. इकडच्या पत्त्यावरून कुणी अर्ज केला, तर त्याला भेटून कॉलेजला कळवायचं काम त्यांच्याकडे आहे. "एवढी वर्षं झाली, कुणी येतच नाही," म्हणाले होते.

आता येईल.

ओडील


कोडियाक, अलास्का
९ ऑक्टोबर १९९६

ए येडे,

तू आणि सूड? तू कोंबडीला अंगणातून हाकलतानासुद्धा "माफ कर हं" म्हणतेस.

पत्र वाचून मी डेकवर दोन चकरा मारल्या. मग बंकमधल्या मित्राला सांगितलं, तो म्हणाला फोन उचल आणि शिव्या घाल. मी म्हटलं, माझी बहीण फोनवर शिव्या घालायला लागली तर समोरच्याला वाटेल लाइन खराब आहे.

तरी विचार कर. माताँत लुर्द ही पापांची एकुलती एक बहीण. हे उघड झालं तर नाताळला ताटं कमी लागतील. आणि क्लॉडीन हलकट आहे, पण लहानपणी तळ्यात तुझा बूट गेला तेव्हा तिनंच काढला होता. एवढं तरी आठव. तुला नक्की काय हवंय? तिनं माफी मागायला हवीय? तिचं कॉलेज जायला हवंय? आधी ठरव, मग कर. बोटीवर आम्ही दोर फेकायच्या आधी बघतो, दुसरं टोक कशाला बांधलंय.

रेआल


ग्रँड आइल
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय क्लॉडीन,

स्वेटर मिळाला. कोपराशी भोक आहे, पण मी शिवलं.

माताँतनं निबंध वाचून दाखवला. सगळे रडले. माझ्या तर तोंडातून शब्दच फुटेना. पापा अजून त्याबद्दल बोलतात.

मला यादीतलं काही कळत नाही. पण पत्रं मीच पेटीतून काढते, तर एवढं दिसतं की बॉस्टनचं पाकीट सगळ्यांना एकच छापून पाठवतात तसलं आहे. व्हिटकमनं विचारलंय की तुमच्या भागात आमचा माणूस आहे, त्याला भेटाल का. म्हणजे ते माणूस बघतात. तुझ्यासारखीला समोर बसवलं की तिथेच निकाल. बॉस्टनला कागदच बोलणार, आणि कागद सगळ्यांकडे असतो.

वखारीतल्या बायकांना तुझं सांगितलं. त्या विचारतात, एवढी हुशार मुलगी, ती खालची चार कॉलेजं कशाला ठेवतेय? पडायची भीती असलेली माणसं खाली गवत पसरतात, असं मार्सेला म्हणाली. मी म्हटलं, क्लॉडीनला कसली भीती.

ओडील


ब्रिस्टल
२२ ऑक्टोबर १९९६

माझी लाडकी ओडील,

तुझं पत्र आणि मिसेस हॉलंडची एक अख्खी फाइल तराजूत टाकली, तर तुझं पत्र जड होईल. व्हिटकम! आजच सही करून शपथेचा कागद पाठवला.

आणि खालची चार काढून टाकली. सरळ रेघ मारली. मिसेस हॉलंडचा चेहरा बघायला हवा होतास. "खात्रीची काढून कुणी यादी करतं का? डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीनं तरी?" मी म्हटलं, "माझ्या माणसांचा माझ्यावर विश्वास आहे." त्यांनी चष्मा काढला आणि फाइल मिटली.

उरलेल्या सातांचे अर्जही त्याच निबंधावर आणि तुमच्याच पत्त्यावर पाठवून दिले, एकदाची कटकट गेली. नाताळला मोकळी.

ओडील, ते एक वाक्य तुला खटकलं नाही ना? कोपऱ्यातल्या बहिणीचं? ती तू नाहीस गं. ते एक पात्र आहे. मिसेस हॉलंड म्हणाल्या, आपली दया दिसायला शेजारी कुणीतरी दुबळं हवं. तू समजूतदार आहेस, तुला कळेल.

क्लॉडीन


ग्रँड आइल
१० नोव्हेंबर १९९६

प्रिय क्लॉडीन,

कळलं.

व्हिटकमचं पत्र आलं, सोबत पाठवतेय. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी भेटायला बोलावलंय. गृहस्थांचं नाव एल. पी. मिशो, घर चर्चच्या मागे. मला माहीत आहे, मी गाडीनं सोडीन. म्हातारे आहेत, हळू बोलतात, सगळं नीट ऐकून घेतात.

तू स्वतःबद्दल काय लिहिलंस ते नक्की विचारतील. लिहिलंस तसंच सांग. एक अक्षर बदलू नकोस, नाहीतर कागदाशी जुळायचं नाही.

गरम बूट आण. इथे बर्फ पडलाय.

ओडील


ग्रँड आइल
१ डिसेंबर १९९६

रेआल,

झालं.

तू विचारलं होतंस, नक्की काय हवंय. मी काढणी संपेपर्यंत बटाटे काढणाऱ्या यंत्रावर उभी राहून त्यातले दगड वेचत होते आणि तोच विचार करत होते. तिचं कॉलेज मला नको. माफीही नको, माफीचाही ती निबंध करेल. मला एवढंच हवं होतं की तिनं ते सगळं एकदा अशा माणसासमोर बसून बोलावं, ज्याला खरं माहीत आहे. आणि बोलताना मी भिंतीपलीकडे असावं.

काल ती नवीन कोट घालून आली. गाडीत आरशात बघून पाठ करत होती, "माझ्या आजोबांनी मला शिकवलं की शरीर थकतं पण माणूस थकत नाही." मला म्हणाली, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "पेपेर असं बोलले असते तर मी घाबरले असते. ते बोलायचेच नाहीत." ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

दार डॉक्टर लेओंनीच उघडलं. तिच्याकडे बघितलंच नाही. "ओडील! अरे, माझी हेड नर्स!" म्हणाले आणि मला जवळ घेतलं. तिचा एक हातमोजा निघाला होता, दुसरा अर्धा. तसाच राहिला.

"आणि ही?" त्यांनी विचारलं.

"ही क्लॉडीन. पेपेरची दुसरी नात. तुम्हाला भेटायला आलीय, व्हिटकमसाठी."

"दुसरीही होती होय? मला कधी दिसली नाही," ते म्हणाले. वाईट अर्थानं नाही, रेआल. त्यांना निबंधाबद्दल काही माहीतच नव्हतं, भेटणाऱ्या माणसाला तो देत नाहीत. आणि मी त्यांना आधी एक शब्द सांगितला नव्हता, शपथ. मग तिला म्हणाले, "दर मंगळवारी यायचो मी तुझ्या आजोबांकडे. हिच्या हातची कॉफी, शाईसारखी काळी."

तेव्हा तिला कळलं कोण ते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बूट काढत होते.

मी स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोपाशी बसले. मधलं दार नीट लागत नाही त्यांचं. आधी रसायनशास्त्र, मग कनेटिकटची हवा, मग पुस्तकं. चांगलं बोलत होती. मग त्यांनी विचारलं, "कॉलेजला तू स्वतःबद्दल काय लिहिलंस?"

आत खुर्ची करकरली. डॉक्टरांच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी ॲपल पायच्या ताटलीकडे.

तिला वळता आलं असतं, रेआल. म्हणायचं, मी दुसऱ्या कुणाचं लिहिलं, चुकलं. इतकी वाट मी मोकळी ठेवली होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली की ती त्या वाटेनं जाईल. माझ्या हातातून जाईल. पण कागद पुढे गेलेला. आणि तिला वाटलं असणार, डॉक्टर रोज इतके पेशंट बघतात, त्यांना काय आठवणार. आणि ओडील? ओडील काय बोलणार?

तिनं सगळं सांगितलं. आडवी चादर. दांडी. आवाजसुद्धा भरून आणला. मग म्हणाली, "मी भरवताना ते माझ्या डोळ्यांत बघायचे."

"जेवताना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. जेवताना."

"मी एकदा त्यांच्या जेवणाच्या वेळी पोचलो होतो," डॉक्टर लेओ म्हणाले. अगदी हळू, तुला माहीत आहे ते कसं बोलतात. "ओडीलनं मला खांद्याला धरलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मला. डॉक्टरला. त्यांचं जेवण होईपर्यंत मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा."

मग त्यांनी तिला कोट घालायला मदत केली आणि ॲपल पायचा तुकडा बांधून दिला. फार सभ्य माणूस.

गाडीत ती नदीच्या वळणाशी म्हणाली, "तुला माहीत होतं." मी गाडी चालवत होते. रस्त्यावर बर्फ होता, लक्ष द्यावं लागतं.

तुझा बुटाचा मुद्दा मी विसरले नाही. तळ्यातून बूट तिनं काढला खरा. पण आधी ढकललंही तिनंच होतं, ते तू बघितलं नव्हतंस.

ओडील


ब्रिस्टल
४ डिसेंबर १९९६

ओडील,

तू नीच आहेस. आई म्हणते तुझ्याशी बोलू नकोस, पण मला बोलावं लागतंय.

तू मला मुद्दाम त्या घरात नेलंस. तूच व्हिटकम म्हणालीस. तूच खालची चार काढायला लावलीस. वखारीतल्या बायका! मार्सेला नावाची कुणी आहे तरी का? मी तुला बहीण समजत होते.

मिशोंचा कागद अजून गेलेला नाही. मी व्हिटकमला फोन करून विचारलं, ते म्हणाले या आठवड्यात यायला हवा. ओडील, ते तुझं ऐकतील. त्यांना सांग मी घाबरले होते. सांग की आपण दोघींनी मिळून केलं. काहीही सांग. त्यांनी खोटारडी असं लिहिलं तर व्हिटकम गेलंच, आणि मग मला नवी यादी करायची, नवा निबंध, नाताळच्या आधी, आणि खाली काहीच उरलेलं नाही. मिसेस हॉलंड माझ्याशी धड बोलतसुद्धा नाहीत.

मला डॉक्टर व्हायचंय. खरंच व्हायचंय. ते काही मी निबंधासाठी बनवलेलं नाही. एका निबंधानं ते सगळं जायला हवं का?

तुला यातून काय मिळालं? शाळा तर तुला परत मिळणार नाही. पेपेर परत येणार नाहीत. काय मिळालं तुला?

क्लॉडीन


ग्रँड आइल
९ डिसेंबर १९९६

क्लॉडीन,

मार्सेला आहे. माझ्या डाव्या हाताला उभी असते. गवताचं तीच म्हणाली.

डॉक्टर लेओ शुक्रवारी वखारीत आले. पट्टा चालू होता, बायका बघत होत्या. हातात कोरा कागद. म्हणाले, "ओडील, मला पाठवायचंय. तुझ्या आजोबांचा मामला आहे, तू सांगशील तसं लिहितो. काहीच लिहू नको म्हणालीस, तर तसं."

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी वाचलं होतं, नीट, दोनदा. तुला डॉक्टर व्हायचंय हे खरं आहे, ते मला पटलं. तरी मी सांगितलं. मला मोठ्यानं बोलावं लागलं, पट्ट्याच्या आवाजात. म्हटलं, "तिनं तुम्हाला सांगितलं ते लिहा. त्याच्या शेजारी तुम्ही बघितलं ते लिहा. तुमच्याकडून तिला काही नाव ठेवू नका." त्यांनी बटाट्याच्या पेटीवर कागद ठेवून तिथेच लिहिलं. खोटारडी हा शब्द नाही त्यात. पाकीट मी चिकटवलं.

तू म्हणतेस मी मुद्दाम केलं. हो. व्हिटकम मी सुचवलं, खालची चार मी काढायला लावली. पण डोळ्यांचं वाक्य मी तुला त्या खोलीत बोलायला लावलं नाही. तिथे मी नुसती गप्प बसले होते. मला बोलता येत नाही, तूच तर कॉलेजला कळवलंयस.

परवा अजून एका कॉलेजचं पत्र आलं. त्यांनी तुला भेटायला नेमलेल्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या हेडबाई. पेपेरच्या अंत्यविधीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. उरलेल्यांचंही तसंच होणार. इथून कुणी अर्ज करत नाही म्हणून तू हा पत्ता घेतलास. इथे माणसंच इतकी थोडी आहेत की सगळ्यांना सगळं माहीत असतं, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. नवी यादी कर. ब्रिस्टलच्या पत्त्यावर कर. वेळ आहे, आणि तू हुशार आहेस, कुठेतरी लागशीलच. लागू नयेस असं मला वाटत नाही. सोपं जाऊ नये, एवढंच वाटतं.

पापांना मी काल सगळं सांगितलं. त्यांनी माताँतला फोन केला. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण नाताळला तुम्ही येणार नाही, एवढं कळलं.

मला काय मिळालं, ते विचारलंस. सांगते.

मी पेपेरकडे पाठ करून बसायचे, तेव्हा मला दिसायचं काही नाही, पण मागून आवाज यायचा. चमचा ताटाला लागल्याचा. सुरुवातीला थांबून थांबून, मग लवकर लवकर. तो लवकर लवकर यायला लागला की कळायचं, आज जेवतायत. दोन वर्षं मी तो ऐकत खिडकीबाहेर बघायचे. एवढं सुख मला नंतर कशातच वाटलं नाही.

हे तुझ्या निबंधात नाही, कारण हे मी तुला लिहिलंच नव्हतं. आता लिहिलं. आता तुला त्याचा काही उपयोग नाही.

ओडील